दस्तगीरभाई, मंचरला जाऊन आले

दस्तगीरभाई,

महादू हमाल शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आपला दस्तगीर गेला." तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मनात आलं, हा माणूस आता कशातून निसटायला बघतोय?

तुमच्याशी खोटं कशाला बोलू? सहा वर्षं तुमच्याबद्दलचा माझा पहिला विचार वाईटच असायचा. दुसरा जरा बरा असायचा, पण तो यायला वेळ लागे. त्या दिवशी तो यायला चौथीचा गणिताचा तास संपत आला. मी फळ्यावर भागाकार करत होते. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, चुकलं." पाहिलं तर खरंच चुकलं होतं. पुसायला हात वर केला, आणि तो तसाच वर राहिला. तेव्हा कुठे मला कळलं की तुम्ही गेलात.

काल तुमची जियारत होती, तिसऱ्या दिवसाची. महादूला बरोबर घेऊन मी मंचरला तुमच्या घरी जाऊन आले. सहा वर्षांत तुम्ही मला कधी तिकडे बोलावलं नाहीत, आणि मीही कधी तुमच्या घरादाराची चौकशी केली नाही. आता तिथं जे झालं ते तुमच्या कानावर घालायला हवं, आणि त्याच्या आधीचंही काही घालायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

तो अपघात तुम्हाला आठवतो तसाच मला आठवतो की नाही, कोण जाणे. म्हणून माझ्या बाजूने सांगते.

आमच्या शाळेच्या मागे तुमच्या शेठची वखार. आहुप्याकडच्या डोंगरातला हिरडा लोकांच्या डोक्यावरून आणि बैलांवरून खाली घोडेगावला येई, तिथून तुमच्या लॉरीतून आमच्या जुन्नरला. पोती वखारीच्या ओट्यावर उतरत. रस्त्याने शाळेत जायचं तर बाजारपेठेला मोठा वळसा पडे. वखारीचं अंगण ओलांडलं की थेट शाळेचं मागचं दार. मी नेहमी अंगणातून जायची. त्या दिवशी उशीर झाला होता. लॉरी अंगणात उभी होती, तिचं तोंड रस्त्याकडे होतं, इंजिन चालू होतं. मी समजले, ही आता बाहेर निघणार. म्हणून मी तिच्या मागून, लॉरी आणि ओटा यांच्या मधून निघाले. आणि लॉरी पुढे न जाता मागे आली.

मागचा फाळका आणि ओट्याची कड यांच्यामध्ये माझा डावा पाय सापडला. मोडल्याचा आवाज आला तो मला लाकडाचा वाटला. मला वाटलं, ओट्याची फळी मोडली, आता शेठ ओरडणार. दुखणं नंतर आलं.

तुम्ही उडी मारून खाली आलात. "या अल्ला, बाई! बाई, डोळे उघडे ठेवा!" आणि मग जे बोललात ते मी आजवर विसरले नाही. म्हणालात, "भोंगा वाजवला व्हता वो मी. दोनदा वाजवला व्हता."

मी तिथं ओट्याला टेकून पडले होते, परकर रक्ताने भिजत होता, आणि या माणसाला पहिली आठवण झाली ती भोंग्याची! माझा संशय तिथंच सुरू झाला, दस्तगीरभाई. ज्याने खरंच भोंगा वाजवलेला असतो, तो असा लगेच सांगत सुटतो का?

गावातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि हात झटकले. पुण्याला न्या म्हणाले. तुम्ही लॉरीतली बरीच पोती उतरवायला लावलीत, उरलेल्यांवर घोंगडी अंथरलीत, मला वर घेतलंत. महादू माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. पोलीस चौकी रस्त्यावरच होती. तुम्ही तिच्यासमोरून गेलात, थांबला नाहीत. बाई मरू नये म्हणून पळवत होतात की जागेवरून लवकर नाहीसं व्हायचं होतं, याचा विचार मी हिरड्याच्या त्या तुरट वासात, शुद्ध असेपर्यंत करत राहिले. मंचर आलं तेव्हा मी पाणी मागितलं. महादूने केबिनवर थापा मारल्या. गावात लॉरी थांबली नाही. गाव मागे पडल्यावर एका विहिरीपाशी थांबलात आणि पाणी आणलंत. मी म्हटलं, बघा, माणसांच्या गर्दीला घाबरला.

चार दिवस तुम्ही पुण्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतात. पिंपळवंडीहून माझे दादा आले. नवरा जाऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि माझं जे काही बरंवाईट बघायचं ते दादाच बघत. ते आल्या आल्या तुमच्या अंगावर धावले. मग हवालदार जबाब घ्यायला आला. दादा एका बाजूला, तुम्ही दाराशी. हवालदाराने विचारलं, "कसं झालं, बाई?"

मी म्हटलं, "रस्त्याने चालताना पाय घसरून पडले. हे लॉरीवाले जात होते, त्यांनी मला इथं आणलं."

दादांना ते ऐकवेना. हवालदार गेल्यावर ते म्हणाले, "इंदे, तू येडी हाईस का? ह्याला जेलात घालायचा व्हता!" मी भिंतीकडे तोंड केलं. वळताना दिसलं, तुम्ही दाराशी मान खाली घालून उभे होतात. तशी खाली घातलेली मान मी पुढे सहा वर्षं पाहिली. तुम्हाला वाटलं, बाईंनी दया केली.

दया नव्हती, दस्तगीरभाई. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. त्या प्रसंगाच्या महिनाभर आधी आमच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून बजावलं होतं की विधवा बाईने हमालांच्या अंगणातून येणं-जाणं शाळेला शोभत नाही, पुन्हा दिसलात तर वर लिहावं लागेल. मी नुकतीच नोकरीत कायम झाले होते. जबाबात वखारीचं नाव आलं असतं तर पाय गेला तो गेला, नोकरीही गेली असती. म्हणून मी रस्ता म्हटलं. गावाला सगळं ठाऊक होतं, पण कागदावर ते नव्हतं, आणि मोठ्या बाईंनी कागदावर विश्वास ठेवला. तुमच्या शेठलाही तेच हवं होतं. तुम्ही सुटलात ते माझ्या भीतीमुळे. आणि मला वर तुमचाच राग होता की हा माणूस फुकट सुटला.

दोन महिन्यांनी मी घरी आले. पाय सांधला, पण वाकडा सांधला आणि जरासा आखूडही झाला. पहिल्याच रविवारी, बाजाराच्या दिवशी, तुम्ही दारात हजर. पायरीच्या खाली उभे.

"बाई, पाय कसा हाय?"

"आहे."

"काय लागलं तर सांगा."

"काही लागत नाही."

पुढच्या रविवारी परत तेच. मी काही मागत नसे, तुम्ही काही ना काही आणत असा. जळणाचा भारा, पेरूची टोपली, सुताराकडून करून घेतलेली काठी. ती काठी मी महिनाभर कोपऱ्यात उभी करून ठेवली, हात लावला नाही. मनात यायचं, हा माझ्याकडे येतो तो मी जबाब फिरवते का ते बघायला. पाय कसा आहे असं विचारतो, पण नजर माझ्या तोंडावर असते. दादा आले की तेही म्हणत, "त्यो तुझ्यावर पाळत ठेवतोय, इंदे." मला ते पटत होतं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

मग पहिल्यांदा भोंग्यावरून भांडण झालं. मी म्हटलं, "दस्तगीरभाई, एक विचारते. तुम्ही खरंच भोंगा वाजवला होता?"

"वाजवला व्हता, बाई. आईची आन."

"मी ऐकला नाही."

"इंजनाचा आवाज व्हता."

"इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नसेल तर त्या भोंग्याचा उपयोग काय?"

तुम्ही पायरीखालून तसेच परत फिरलात. पण दर दोन-तीन महिन्यांनी ते भांडण परत उकरून निघे. कधी मी उकरी, कधी तुम्ही. तुम्ही हट्टी, मी तुमच्यापेक्षा हट्टी. त्याचा निकाल आता लागायचा नाही. मी अजून म्हणते, भोंगा वाजला नाही.

एकदा तुम्ही चिडून म्हणालात, "चला बाई, लॉरीत बसून बघा म्हंजे कळंल." बाजाराचा दिवस, अख्खं गाव अंगणात, आणि मी तो वाकडा पाय घेऊन, लुगडं सावरत, तुमच्या केबिनमध्ये चढले. चढताना तुम्ही हात पुढे केलात, मी तो घेतला नाही. तुमच्या जागी, स्टिअरिंगच्या चाकासमोर बसले. तुम्ही खालून ओरडलात, "महादू, लॉरीच्या मागं हुबा ऱ्हा. बाई, आता मागं बघा. महादू दिसतो का?"

मी आरशात पाहिलं. अंगणाची एक कड दिसली, पिंपळाचा बुंधा दिसला. मान वळवून मागच्या जाळीतून पाहिलं तर पोती दिसली. महादू कुठेच नव्हता. खोकल्याचा आवाज तेवढा आला.

"न्हाई ना दिसत?" तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात किती दिवसांची सुटका होती! मी त्या उंच जागी बसले होते, माझ्या हातात एवढं मोठं चाक होतं, आणि एक आख्खा माणूस माझ्या मागे असून माझ्यापुरता तो नव्हताच. पण तुम्हाला सुटू देईन तर मी कसली?

"मग खाली उतरून का नाही पाहिलंत?" मी म्हटलं.

तुमचा चेहरा पडला. मी खाली उतरले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही लॉरी मागे घेण्याआधी खाली उतरायला लागलात. लॉरीभोवती पूर्ण फेरी मारायची, मागे वाकून पाहायचं, मग वर चढायचं. हमाल हसायचे. "दस्तगीर लॉरीला प्रदक्षिणा घालतोय!" शेठ खेकसायचा. हे मला शाळेच्या मागच्या खिडकीतून दिसायचं, कारण मी तिथं उभी राहून बघत असे. लॉरीचा आवाज आला की मी मुलींना पाठांतर द्यायची आणि खिडकीशी जायची. आज उतरतोय का? उतरला. उद्या? उद्याही उतरला. महिनाभर रोज उतरला, तेव्हा मनात आलं, ह्याला ठाऊक आहे मी खिडकीत असते ते. माझ्यासाठीच उतरतो. मी नसेन तेव्हा कशाला उतरेल?

असं माझं मन. आता त्याहून वाईट सांगते.

तिसऱ्या वर्षी मला वाटलं, याची एकदा परीक्षा घ्यावी. तुम्ही दारात आलात तेव्हा मी तोंड गंभीर करून म्हटलं, "दस्तगीरभाई, पुण्याहून पोलिसांचा कागद आलाय. प्रकरण परत काढलंय. तुम्हाला जावं लागणार."

मला तुमचं तोंड पाहायचं होतं. घाबरतात, हातापाया पडतात की उलट दम देतात. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "मग जाऊ की, बाई. कदी जायचं?"

मी गडबडले. तोंडातून निघून गेलं, "परवा."

परवा सकाळी तुम्ही दारात. अंगावर धुतलेला पायजमा, डोक्याला नवी टोपी, काखेत वळकटी, हातात तांब्या. दाढी केलेली. "चला," म्हणालात, "येष्टीची येळ झाली."

मला सांगावं लागलं की कागद-बिगद काही आलेला नाही.

तुम्ही वळकटी पायरीवर ठेवलीत. सहा वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर ओरडलात. "का केलंत असं? का केलंत वो बाई? मी घरी सांगून आलो व्हतो!" आणि वळकटी तिथंच टाकून निघून गेलात. ती महादू घेऊन गेला. मी दार लावून बसले. मला वाटलं, जेलमधून सुटला तर आनंद व्हायला हवा, हा चिडला कशाला? यात काहीतरी डाव आहे. पुष्कळ विचार केला, पण डाव सापडला नाही. तीन रविवार तुम्ही आला नाहीत. चौथ्या रविवारी आलात. "बाई, पाय कसा हाय?"

मी माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "आहे." सहा वर्षांत मी तुम्हाला कधी "बसा" म्हटलं नाही, साधा चहा विचारला नाही.

आता कालचं.

मंचरच्या गाडीत महादू माझ्या शेजारी बसला होता. नारायणगाव गेल्यावर मी त्याला विचारलं, "गेले कसे?" आदल्या दिवशी शाळेपाशी मी हे विचारलंच नव्हतं.

महादू म्हणाला, "घोडेगावला, बाई. पोती भरायची व्हती. लॉरी मागं घ्यायची म्हनून त्यो खाली उतरला. नेहमीसारका मागं गेला. मी म्हनलं, बघत आसंल. लई येळ झाला तरी येईना. जाऊन बघतो तर मागच्या चाकाला टेकून बसल्याला. छातीवर हात. मी हाक मारली तर वर बघितलं, आन म्हनला, मागं कुनी न्हाई, घे लॉरी मागं. आन मान टाकली."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. घोडेगावला माझ्या शाळेची खिडकी नाही, दस्तगीरभाई. तिथं तुम्हाला कुणी मास्तरीण बघत नव्हती.

"तिथंबी उतरायचे?" मी विचारलं. महादूसारखंच माझ्या तोंडून निघालं.

"समदीकडंच उतरायचा की," महादू म्हणाला. त्याला माझा प्रश्नच समजला नाही.

तुमच्या गल्लीत महादू पुरुषांत बसला आणि मी आत गेले. पंधरा-वीस बायका होत्या. दारातल्या एकीने आत सांगितलं, "जुन्नरच्या मास्तरीणबाई आल्यात," आणि खोलीतली कुजबुज एकदम थांबली. भिंतीशी तुमच्या घरच्या, जैनबभाभी, बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून पाहायला सुरुवात केली. केस, कपाळ, तोंड, लुगडं. मी अशी नजर चटकन ओळखते. सहा वर्षं मी तुमच्याकडे त्याच नजरेने पाहिलं होतं.

"आलात," त्या म्हणाल्या. "मी म्हनत व्हते, येतील का न्हाई."

त्यांनी बाकीच्या बायकांना आतल्या खोलीत जायला सांगितलं. आम्ही दोघीच उरलो.

"आता त्यो गेला," भाभी म्हणाल्या. "आता खोटं बोलून तुमाला काय मिळनार न्हाई, आन मला बी काय मिळनार न्हाई. खरं सांगा. तुमचं न् त्याचं काय व्हतं?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा कानशिलं तापली. उठून निघावंसं वाटलं. पण त्या बोलत राहिल्या.

"त्या दिशी लॉरी आमच्या दारावरनं गेली. मी दारात व्हते. मागं पोत्यांवर बाई झोपल्याली दिसली. त्यानं मला बघितलं, आन थांबला न्हाई. चार दिस पुन्यात ऱ्हायला. आला तवा म्हनला, जैनब, माझ्या लॉरीखाली बाई आली व्हती. मी इच्यारलं, मंग पोलीस कुठं हायेत? कोर्ट कुठं हाय? माझ्या भावानं चौकीत जाऊन बघितलं. कागदात लॉरीचं नावच न्हाई! बाई रस्त्यात पडली, ह्यानं नेली, यवढंच. मंग ह्यो दर बाजाराला तुमच्या दारी कशाला जातो? माजं तरी काय चुकलं?"

माझा तो कागद. मी माझ्या नोकरीसाठी लिहून दिलेला कागद. तुम्ही घरी खरं सांगत होतात, आणि सरकारदरबारी माझा कागद तुम्हाला खोटं पाडत होता.

"येकदा वळकटी बांधली," भाभी म्हणाल्या. "म्हनला, पोलिसाचा कागद आला, जैनब. आता मी जेलात जातो, आता तरी तुला पटंल. लई खुशीत व्हता. नवी टोपी घातली. दुसऱ्या दिशी हात हलवत परत आला. मी त्याला हसले. शेजारणींना बोलवून हसले."

तेव्हा मला कळलं, दस्तगीरभाई, त्या सकाळी तुम्ही माझ्यावर का ओरडलात ते. तीन वर्षं मी त्यात डाव शोधत होते.

मी म्हटलं, "भाभी, ते खरं बोलत होते." पण नुसत्या बोलण्याने काय व्हायचं? मी असते तर मला पटलं नसतं. मग मी पाय लांब केला आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. दवाखान्यातून आल्यावर तो पाय मी कुणाला दाखवलेला नाही, दादांनाही नाही. नडगी कुठे वळली आहे ते, टाक्यांचे वण, हाडावर ताणून बसलेली काळपट कातडी, सगळं दिवसाच्या उजेडात.

भाभी पुढे सरकल्या. हात लावला. बोटाने त्या वळणावरून वरून खालपर्यंत गेल्या, जसं कापड पारखतात तसं. मग विचारलं, "पोलिसाला का न्हाई सांगितलंत?"

मी सगळं सांगितलं. मोठ्या बाई, वखारीचं अंगण, नोकरी. सांगताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांचा हात माझ्या पायावरच होता. मी वाट पाहत होते की त्या तो काढून घेतील, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

त्या म्हणाल्या, "म्हंजे खरं बोलत व्हता." आणि परत म्हणाल्या, "खरं बोलत व्हता त्यो." मग पदर तोंडात कोंबून रडल्या. ते रडणं माझ्यासाठी नव्हतं, माझ्या पायासाठीही नव्हतं. म्हणाल्या, "सा वरसं मी त्याच्याशी धड बोलले न्हाई वो, बाई."

मी म्हटलं, "मीही नाही."

तुम्ही दोन घरी जात होतात आणि दोन्हीकडे तुमच्याकडे संशयाने पाहणारी एकेक बाई होती. त्या दिवशी दारात लॉरी का थांबवली नाहीत, हे भाभींनी मला विचारलं. मला काय ठाऊक? मी म्हटलं, मी मरायला टेकले होते, म्हणून असेल. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, समजलं नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं, दोघींपैकी कुणीतरी.

तुमच्याबद्दलचं माझं मन आज पूर्ण स्वच्छ झालंय असं मी लिहिलं तर तुम्हीच हसाल. भोंग्याचं मी अजून मानत नाही. उतरून न पाहता लॉरी मागे घेतलीत, ही चूक तुमचीच होती. तीही मी पुसत नाही. पण त्या एका सकाळच्या चुकीनंतर तुम्ही जे जे केलंत त्यात मी खोट शोधत राहिले, आणि खोट होती माझ्याकडे. ज्या काठीला मी महिनाभर हात लावला नाही, तिच्यामुळे मी शाळेत परत चालत गेले. हे तुम्ही दारात उभे असताना म्हणायला किती वेळ लागला असता? चार शब्द. ते चार शब्द मी तुम्हाला दिले नाहीत.

निघताना भाभी उंबऱ्यापर्यंत आल्या. इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावरच्या चार महिन्यांत, त्यांना बाहेर पडता येत नाही, त्या आतच थांबल्या. मी गल्लीत उतरले तेव्हा मागून म्हणाल्या, "बाई, रविवारी येत जा."

"येईन," मी म्हटलं.

गाडी सुटल्यावर माझा नेहमीचा पहिला विचार आलाच. ही बाई मला मनापासून बोलावते आहे की अजून खात्री करून घ्यायची आहे तिला? पाय मोडलेला दिसला, पण त्याने बाकीचं थोडंच सिद्ध होतं? मी तिच्या जागी असते तर मीही असंच गोड बोलून बोलावलं असतं, आणि आलेल्या बाईकडे पुन्हा पुन्हा नीट निरखून पाहिलं असतं.

मग खेडच्या बाजूने आलेली गाडी आमच्या शेजारून गेली, महादूला डुलकी लागली, आणि दुसरा विचार आला. पाहू दे. तिला पाहिजे तितके दिवस पाहू दे.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी मंचरला जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही.

तुमची,
इंदूबाई